मेधाची नोकरी आणि माझी सही

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. घर हलवायला काढावं, मित्रांना मदतीला बोलवावं, की ते आपोआप साचतात. आमच्याकडे तीन महिन्यांत इतके साचले की बॅगा भरता भरता हसू यायचं.

आधी थोडं सांगतो, म्हणजे गोंधळ नको. आम्ही अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनोत राहतो. मी, मेधा आणि चौदा वर्षांची तन्वी. मी एका कंपनीत डेटाबेस सांभाळतो. मेधा लग्नाआधी अमरावतीला ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायची. माझ्याशी लग्न करून डिपेंडंट व्हिसावर इथे आली आणि काम करायची परवानगी नाही म्हणून सात वर्षं घरी बसली. परवानगी मिळाल्यावर सबस्टिट्यूट टीचर झाली. म्हणजे रोज दुसऱ्याच्या वर्गात, दुसऱ्याने लिहून ठेवलेल्या चिठ्ठीप्रमाणे वागायचं.

ऑक्टोबरमध्ये तिला दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वे देशातल्या एका इंटरनॅशनल शाळेची ऑफर आली. दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, फिजिक्स, स्वतःची लॅब. अट एकच. कुटुंबाचे सगळे कागद जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत पोचायला हवेत, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावणार. मेधाने तो मेल उभ्याउभ्याच तीनदा वाचला.

मी लगेच म्हणालो, "जाऊया ना."

बोलायला काय जातं.

*

रविवारी गिरीश ढवळेकडे जेवण होतं. ढवळे माझा इथला सगळ्यात जुना मित्र. प्रोजेक्ट मॅनेजर आहे, त्यामुळे मीठ संपलं तरी एक्सेल शीट उघडतो. त्याची आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली होती. त्या आमच्या सगळ्यांच्याच काकू.

"आम्ही परदेशात राहायला चाललोय," मी जाहीर केलं.

"अरे, आपण परदेशातच आहोत," ढवळे म्हणाला.

"उरुग्वेला."

ढवळेने फोन काढला आणि बराच वेळ आफ्रिकेत शोधलं. मग विचारलं, "ऑफर कुठल्या कंपनीची?"

"शाळेची. मेधाला."

"आणि तू?"

"मी बरोबर."

तो माझा दंड धरून मला घरामागच्या पॅटिओवर घेऊन गेला. "ले-ऑफ झाला का? खरं सांग यार. लपवू नकोस."

मी शपथ घेतली. आजारी माणसासमोर मान डोलावतात तशी त्याने मान डोलावली. मंगळवारपर्यंत त्याने माझा रेझ्युमे तीन कंपन्यांत फॉरवर्ड केला होता. एकीचा फोन आला. ढवळेचा शब्द खाली पडू नये म्हणून मी इंटरव्ह्यू दिला. ज्या नोकरीसाठी मी अर्जच केला नव्हता, तिच्या दुसऱ्या फेरीत पोचलो!

"कोणाशी बोलत होतास एवढा वेळ?" मेधाने विचारलं.

"उरुग्वेचीच चौकशी," मी म्हणालो.

*

शाळेच्या ऑफिसात मार्ता नावाच्या बाई होत्या. फार नम्र. त्यांनी कागदांचा गठ्ठा पाठवला. त्यातला एक कागद फक्त माझ्यासाठी होता. जोडीदाराचं प्रतिज्ञापत्र. 'मी पत्नीवर अवलंबून असलेला सदस्य म्हणून येत आहे. पहिलं वर्ष मी कुठलंही पगारी काम करणार नाही, दुसऱ्या देशातल्या कंपनीचं घरबसल्या कामसुद्धा नाही.' खाली सही.

एकूण पाच ओळी. मी त्या तीन आठवडे वाचत होतो.

"झालं का वाचून?" मेधा विचारायची.

"एक क्लॉज क्लिअर होत नाहीये."

"कुठला?"

मी कागद उलटा करून बघायचो. मागे काही नव्हतं.

एकदा न राहवून मीच विचारलं, "इथे येताना तूही अशाच कशावर तरी सही केली होतीस ना?"

"हो."

"वाचलं होतंस?"

"एवढा वेळ कोणी दिला होता मला?" ती म्हणाली आणि वॉशिंग मशीनकडे गेली. मी कागद डायनिंग टेबलवरच्या फळांच्या टोपलीखाली ठेवला. तिथे तो सुरक्षित होता.

*

मॅरेज सर्टिफिकेट होतंच, पण मार्ताबाईंना लग्नाचे तीन फोटोही हवे होते. दोघांचेही चेहरे स्पष्ट दिसणारे.

आल्बम काढला. दोनशे फोटो. प्रत्येक फोटोत मेधाचे मामा. लग्नाची जबाबदारी त्यांच्यावर होती आणि ती त्यांनी आमच्या मधोमध उभं राहून पार पाडली होती. सप्तपदीत मामा. हार घालताना माझ्या तोंडासमोर मामांचा हात. रिसेप्शनच्या फोटोंत तर एखाद्याला वाटावं, मेधाचं लग्न मामांशी झालं आणि मी पाकिटं गोळा करायला उभा आहे.

शेवटी एक फोटो सापडला. मी एका बाजूला, मेधा दुसऱ्या बाजूला, दोघांचे चेहरे स्वच्छ. मधे अंतरपाट. पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी मेल आला. 'या दोघांच्या मधे चादर का धरली आहे? काही मतभेद होते का?'

मी उत्तर लिहायला बसलो. मंगलाष्टकं, मुहूर्त, शुभ घटिका. दीड पान झालं. तन्वीने मागून वाचलं आणि म्हणाली, "डॅड, यू आर मेकिंग इट वर्स." तिने माझं सगळं पुसून एक ओळ लिहिली: 'लग्न लागायच्या आधीचा क्षण आहे.'

अर्ध्या तासात उत्तर आलं. 'धन्यवाद. कृपया चादर काढल्यानंतरचा फोटो पाठवावा.'

चादर काढल्यानंतर मामा होते.

शेवटी मामांसकट तीन फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, 'मधले गृहस्थ आमच्याबरोबर येणार नाहीत.' मार्ताबाईंनी तेवढ्यावर मान्य केलं.

*

बॅगा भरायचं काम मी आपणहून घेतलं. सही होत नव्हती, निदान हे तरी. ढवळेने त्याचं शीट पाठवलं. म्हणाला, "दहा वर्षांचं टेस्टेड आहे. डोळे मिटून फॉलो कर."

मी डोळे मिटूनच केलं. शनिवारी सकाळी दुकानात गेलो, दुपारी भरायला बसलो, वजनकाट्याच्या हुकाला बॅग अडकवून पाच वेळा उचलली. पन्नास पौंडांची मर्यादा, माझी एकोणपन्नास पूर्णांक आठ. कमरेत उसण भरली, पण समाधान वाटलं.

मेधा घरी आली. तिने बॅग उघडली. बदाम, चॉकलेटच्या पिशव्या, शेव्हिंग क्रीमचे डबे, परफ्यूम, व्हिटॅमिनच्या बाटल्या, टी-शर्ट सहा साइझचे.

"हे कोणासाठी?"

मी शीट बघितलं. वर नाव होतं, 'इंडिया ट्रिप मास्टर'.

"मंदार, उरुग्वेत आपलं कोण आहे?"

मी खरंच आठवून बघितलं. कोणीच नव्हतं. दुसऱ्या बॅगेत चार स्वेटर आणि थर्मल होते. जानेवारीतल्या प्लेनोच्या थंडीने माझ्याकडून ते भरून घेतले होते. उरुग्वेत त्या वेळी भर उन्हाळा.

तेवढ्यात काकू आल्या. हातात चिकटपट्टीने चहूबाजूंनी गुंडाळलेलं पार्सल. "काकांसाठी आहे. गुडघ्याच्या गोळ्या अन् थोडे अक्रोड. तुम्ही चाललेच आहा तर नागपूरला देऊन द्या."

ढवळे म्हणाला, "आई, हे उलट्या दिशेला चाललेत."

"पृथ्वी गोल आहे ना रे?"

"आहे."

"मंग? पोचतेच की."

फिजिक्सच्या बाईंनीच शेव्हिंग क्रीमचे डबे बाजूला सारून जागा केली. पार्सल बॅगेत गेलं.

*

मेधाला मुख्याध्यापिकांसमोर व्हिडिओवर वीस मिनिटांचा नमुना पाठ घ्यायचा होता. तिने आमच्या गॅरेजमध्ये सराव ठेवला. गाडी बाहेर काढली, दाराच्या रुळाला दोरी बांधली, दोरीला कांद्याची जाळी आणि जाळीत दुधीभोपळा. हा लंबक. फोल्डिंग खुर्च्यांवर विद्यार्थी: मी, तन्वी, ढवळे आणि काकू.

मेधाने दुधी जरासा ओढून सोडला. "आता मी हा अजून थोडा लांब ओढून सोडला, तर जाऊन परत यायला जास्त वेळ लागेल की तेवढाच?"

"इट डिपेंड्स," ढवळे म्हणाला. "हे आपण ऑफलाइन घेऊया का?"

"जास्त," मी ठामपणे म्हणालो. "अंतर वाढलं ना."

मेधा माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती नवऱ्याकडे बघायची नव्हती.

"तेवढाच लागते," काकू म्हणाल्या. "तीन लेकरं पाळण्यात वाढवली मी. झोका मोठा देल्ला काय अन् लहान देल्ला काय, माझ्या गाण्याची चाल कधी बदलली नाही."

मेधा थांबली. तिने काकूंना पुढे बोलावलं, दुधी त्यांच्या हातात दिला, आम्हाला स्टॉपवॉच धरायला लावलं. दहा छोटे झोके. मग दहा थोडे मोठे. जवळजवळ तितकीच सेकंदं. काकूंना त्याचं काहीच नवल वाटलं नाही.

ड्राइव्हवेवर शेजारचे गृहस्थ कुत्र्याला घेऊन उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. त्यांनी हात वर केला. भाजी जास्त जड घेतली तर काय होईल, असं त्यांना विचारायचं होतं.

"व्हेरी गुड क्वेश्चन," मेधा म्हणाली आणि मला कोबी आणायला पिटाळलं.

कोबी घेऊन परत आलो तेव्हा ती खडूने गॅरेजच्या फरशीवर काहीतरी काढत होती. शेजारी, कुत्रा, ढवळे, सगळे वाकून बघत होते. पंधरा वर्षांच्या संसारात मी तिला शिकवताना एकदाही पाहिलं नव्हतं. मला फार आवडलं, आणि लाजही वाटली.

*

लाज वाटली म्हणून सोमवारी मॅनेजरला सांगायला गेलो. सही करायची म्हणजे राजीनामाही आलाच. स्टीव्ह चांगला माणूस आहे. मी म्हणालो, "मला एक महत्त्वाचं बोलायचं आहे." तो म्हणाला, "मलाही," आणि मला एका क्लायंटच्या कॉलवर बसवलं.

बुधवारी परत गेलो. म्हणालो, "माझ्या घरी एक बदल होतोय." त्याने माझं अभिनंदन केलं, टीमला केक मागवला आणि मला पॅटर्निटी लीव्हची लिंक पाठवली. केकवर मुलाचा निळा आणि मुलीचा गुलाबी, दोन्ही रंग होते. मी दोन तुकडे खाल्ले. नको कसं म्हणणार?

पुढच्या सोमवारी मनाशी घोकून गेलो. तोंड उघडायच्या आत स्टीव्ह म्हणाला, "डेटाबेस हलवायच्या मायग्रेशन प्रोजेक्टचा लीड तू आहेस. दोन वर्षं. माझा दुसऱ्या कोणावर विश्वास नाही." वर प्रोजेक्टचा टी-शर्ट दिला.

घरी आलो. "सांगितलंस?" मेधाने विचारलं.

"बोलणं झालं," मी म्हणालो.

ती टी-शर्टकडे बघत राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त फ्रिजवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. शुक्रवारला चार दिवस होते.

*

गुरुवारी संध्याकाळी काकू आल्या. रेशमी साडी, वर ढवळेचं जाड जॅकेट, पायात स्नीकर्स, हातात ताट. मेधाची ओटी भरायला आल्या होत्या. लेक घर सोडून लांब चालली की भरतात, तशी. मागे ढवळे नारळ घेऊन.

ताट ठेवायला जागा करताना त्यांनी फळांची टोपली उचलली. "हा कागद कायचा?"

मेधा खिडकीबाहेर बघायला लागली. शेवटी ढवळेने सांगितलं, "आई, मंदारने यावर सही करायची आहे. उद्या लास्ट डेट. नाही केली तर वहिनींची नोकरी गेली."

"वाच."

ढवळेने पाचही ओळी मराठीत करून वाचल्या. काकूंनी त्या उभ्यानेच ऐकल्या आणि पुन्हा एकदा वाचायला लावल्या.

"म्हणजे हा नोकरी सोडून हिच्यामागं जाणार. तिथं याचं स्वतःचं काही नाही. ही कमावणार अन् हा घर पाहणार."

"हो."

"मंग हिची काऊन भरू मी?" काकू म्हणाल्या. "हिची लग्नातच भरली असंल."

त्यांनी तन्वीचं लहानपणचं बुटकं स्टूल ओढलं, पूर्वेकडे तोंड करून मांडलं आणि माझ्याकडे वळल्या.

"मंदार, बस."

"काकू, मी?"

"ज्याचं सुटते त्याची भरतात. बस."

मी मदतीसाठी ढवळेकडे पाहिलं. त्याने बूट काढून बाजूला ठेवले आणि हात जोडले. तन्वीकडे पाहिलं. "डॅड, जस्ट सिट," ती म्हणाली.

मी बसलो. गुडघे हनुवटीला लागत होते. काकूंनी मला कुंकू लावलं. पदर नव्हता, म्हणून मायग्रेशन प्रोजेक्टच्या टी-शर्टचा पुढचा घोळ दोन्ही हातांनी धरला. त्यात ओंजळीने तांदूळ पडले, मग सुपारी, हळकुंड, नारळ आणि वर मोरपंखी रंगाचा खण. काकूंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"सांभाळून राहजो. पहिले काही दिवस करमणार नाही. कोणी म्हटलं 'तुम्ही काय करता', तर मनाला लावून नाही घ्यायचं. रडायला आलं तर हिला सांगजो, लपवजो नको. हिनं कोणाला सांगितलं नसंल."

मेधा इतका वेळ तोंडावर हात धरून हसत होती. आता ती हसत नव्हती. तिने डोळे पुसले, टेबलावरचा कागद घेतला आणि माझ्यासमोर धरला.

मी उजवा हात मोकळा केला.

"कर सही," काकू म्हणाल्या. "अन् ओटी सांडू नको."