साच्यात राहिलेला धोंडीराम

केजच्या तहसीलसमोर पत्र्याच्या शेडमध्ये 'न्यू मुस्तकीम टायपिंग सेंटर' आहे. जुनं मुस्तकीम टायपिंग सेंटर कधीच नव्हतं. पण पाटी रंगवणारा म्हणाला, न्यू लावलं की जरा वजन येतं, आणि तोवर मुस्तकीमला आयुष्यात कुणी वजन दिलेलं नसल्यामुळे त्यानं ते लावून घेतलं. आता रंग उडून पाटीवर न्यू हेच सगळ्यात जुनं दिसतं, ती गोष्ट वेगळी.

तालुक्यातली निम्मी भांडणं या शेडमधून टाईप होऊन बाहेर पडायची. बांधाची, विहिरीच्या पाळीची, वाटणीची, सोडचिठ्ठीची. एवढं सगळं बोटांखालून जाऊनही मुस्तकीमच्या डोक्यात त्यातलं काही उरत नसे. माणूस समोर बसून रडत सांगायचा आणि हा पडद्याकडे बघत "हं, पुढं" म्हणायचा. दगडाच्या काळजाचा नव्हता तो. रडणाऱ्याला पदरचा चहा पाजायचा. पण प्रत्येकाचं दुःख वाचत बसलं तर टायपिंग व्हायचं कधी, असं त्याचं सरळ म्हणणं होतं.

त्याच्या वेगाची सगळी करामत साच्यात होती. मृत्युपत्राचा एक साचा, वाटणीपत्राचा एक, प्रतिज्ञापत्रांचे दोन-चार. नवा माणूस आला की तीच फाईल उघडायची, आधीच्याचं नाव खोडायचं, नव्याचं घालायचं, प्रिंट काढायची आणि तीच फाईल पुन्हा सेव्ह करायची. वीटभट्टीवर एकाच साच्यातून गावभरच्या विटा पडतात, आणि वीट पडली की साचा रिकामा, तसलं हे काम. वेगळी फाईल करायची म्हणजे तिला वेगळं नाव द्यायला हवं, आणि या माणसानं स्वतःच्या लेकरांची नावं ठेवायचं कामसुद्धा सासऱ्यावर ढकललेलं. तरी गेल्या वीस वर्षांत मशीनमध्ये बराच कचरा साठला होता. 'नवीन', 'नवीन नवीन', 'हेच खरं', 'हे नव्हे ते', अशा नावांचा.

उन्हं तापायला लागली होती त्या सुमारास नांदूरघाटची केसरबाई शेडमध्ये येऊन बसली. साठीची, सडसडीत, तोंडानं तिखट. धोंडीरामाची ही दुसरी बायको. पहिली वारल्यावर त्यानं हिच्याशी देवळात लग्न लावलं, पण त्याचा कागद कुठं केला नाही. पहिलीचा मुलगा विजयसिंह तेव्हा हाताशी आलेला होता. तो हिला कसलीच हाक मारत नसे. समोर आली की बोलायला सुरुवात करायचा, झालं.

धोंडीराम थंडीत गेला. राहतं घर केसरबाईला दिल्याचं मृत्युपत्र त्यानं आठ-नऊ वर्षांपूर्वी करून ठेवलं होतं. ते ट्रंकेत असायचं. तेरावं झाल्यावर केसरबाईनं ट्रंक उघडली तर सगळं जागच्या जागी होतं, कागद तेवढा नव्हता. विजयसिंह म्हणाला, कसला कागद? येत्या रविवारी भावकी बसणार होती. कागद दाखव नाही तर घर सोड, असा मामला. साक्षीदारांची नावं कळली तरी त्यांना उभं करता आलं असतं. पण तिला वाचता येत नव्हतं, आणि धोंडीरामानं साक्षीदार धरले होते ते तहसीलच्या दारातले, चहावर मिळणारे.

"तुझ्याच हितं लिवलाय," केसरबाई म्हणाली. "मी बी आल्ते संगं. तू चहा पाजलतास."

मुस्तकीमला काही आठवेना. पण तसं म्हणवलंही नाही.

"मावशी, कागदाला वाळवी लागंल, कुणी फाडंल. मशीन न्हाई इसरत. हितं टाईप झालं म्हंजी हाय हितंच."

हे तो इतक्या ऐटीत म्हणाला, की बाई निर्धास्त होऊन एसटीला गेली.

मग त्यानं शोधायला घेतलं. 'नवीन' उघडली, त्यात रेशनकार्डाचा अर्ज. 'नवीन नवीन'मध्ये कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा अर्धा मजकूर, आणि तोही मोडलेल्या लग्नाचा. दोन दिवस गिऱ्हाईक परत पाठवून तो फाईली उघडत, मिटत बसला, आणि शेवटी जेवताना बायकोला बोलला. सईदा कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. नवऱ्याला शिकवायचा नाद तिनं फार आधीच सोडला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती शेडमध्ये आली. एक फुकटचं शोधायचं सॉफ्टवेअर तिनं उतरवून घेतलं. हे फाईलीचं नाव बघत नाही, आतला मजकूर वाचतं, आणि कुठला शब्द कुठल्या फाईलीत आहे याची सूची करून ठेवतं. एकदा सूची झाली की नाव विचारायचा अवकाश. ती होईस्तोवर मात्र मशीन सगळं वाचत बसणार. पंखा घरघरायला लागला. मुस्तकीमनं जन्मात न वाचलेलं सगळं ते मशीन एका दुपारी वाचायला बसलं होतं.

संध्याकाळी सईदानं शोधायच्या खिडकीत 'धोंडीराम' टाकलं. काही नाही. केसरबाई टाकलं, नांदूरघाट टाकलं. सगळीकडे भोपळा. मग तिच्या ध्यानात आलं. नवऱ्याचं सगळं टायपिंग जुन्या मराठी फॉन्टातलं. माणसाला ते मराठी दिसतं, मशीनला आत नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. तिनं नाव जुन्या फॉन्टात टाईप करून घेतलं, ती खिचडी जशीच्या तशी उचलली आणि खिडकीत टाकली.

एक फाईल आली. 'हेच खरं'.

मुस्तकीम खुर्चीवरून उठलाच. फाईल उघडली. मृत्युपत्र. वर नाव होतं तानाजीचं, गाव दुसरंच. बायकोचं नाव वनमाला. साक्षीदार तानाजीचे. धोंडीराम फक्त एका जागी होता, खाली पाचव्या कलमात: 'सदर घर तिने स्वतःच्या हाताने सारवलेले असून त्यातून तिला कोणीही बाहेर काढू नये, ही मी धोंडीराम याची अखेरची इच्छा समजावी.'

"बदलायचं राहिलं," मुस्तकीम म्हणाला.

सईदानं ते वाक्य दोनदा वाचलं. हे तुमचं वाक्य नाही, म्हणाली, तुमच्या साच्यात सारवलेलं घर कुठून यावं? हे त्या माणसानं समोर बसून सांगितलेलं आहे. मग जरा वेळानं तिनं विचारलं, की धोंडीरामानंतर आणि तानाजीच्या आधी जेवढी मृत्युपत्रं झाली, ती कोणत्या फाईलीत?

मुस्तकीमनं पडद्याकडे बोट केलं. याच.

म्हणजे आठ-नऊ वर्षं तालुक्यातला जो-तो आपलं घरदार वाटून देताना पाचव्या कलमात धोंडीरामाची अखेरची इच्छा सांगून गेला होता. संगमरवरी फरशीच्या बंगल्यांतल्या बायकांनीही कागदोपत्री आपापली घरं सारवली होती. आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण मृत्युपत्र घरचे वाचतात ते दुरुस्त करणारा गेल्यावर.

मुस्तकीमचं बोट नाव खोडायला पुढं झालं.

"हात नक्को लगाव," सईदा म्हणाली. त्या बाईचं जे काही उरलंय ते एवढंच आहे.

रविवारी ते पान घेऊन तो नांदूरघाटला गेला. ज्या घराचा वाद त्याच घराच्या ओसरीवर भावकी बसली होती. मध्ये धर्मराज, माजी सरपंच, भावकीत वडील. केसरबाई उंबऱ्याशी. मुस्तकीमनं साच्याची हकिकत सांगितली आणि पान धर्मराजांच्या हाती दिलं. त्यांनी पाचवं कलम मोठ्यानं वाचलं.

केसरबाईनं पदर तोंडाला लावला. "हे ह्यांचंच बोलणं हाय. जवा बघावं तवा तेच म्हनायचे, तू सारीवलेलं घर."

"आन् वर नाव तानाजीचं," विजयसिंह म्हणाला. "आमचं घर तानाजीनं दिलं व्हय?"

दोघं-चौघं हसले. मुस्तकीमनं पुन्हा साचा समजावला. विजयसिंहानं ऐकून घेतलं. आवाज न चढवता तो म्हणाला, "लई झालं मशीनचं. टायपिस्टभाई, तू अल्लाला स्मरून सांग, की आमचा बाप तुझ्यापुढं बसून हे बोलला आन् तू कानानं ऐकलं. एवढं सांग. मी आत्ता घरावरचा हक्क सोडतो."

मुस्तकीमनं डोळे मिटले. त्याला शेड दिसली, प्रिंटर दिसला, समोरच्या बाकावरचे गुडघे दिसले. धोतरातले, पायजम्यातले, पँटीतले. चेहरा एकाचाही नाही. वीस वर्षं तो पडद्याकडे बघत होता.

"मशीनमधी निघालंय ना, साहेब..."

"मंग मशीनला शपथ घालू का?"

केसरबाई त्याच्याकडे बघत होती. आता तिच्या नजरेत तिखटपणा नव्हता, आणि तेच जास्त अवघड होतं.

"चेहरा न्हाई आठवत," मुस्तकीम म्हणाला.

यावर कुणी काही बोलणार, तेवढ्यात खांबाला टेकून बसलेल्या बजरंगानं विचारलं, "आमच्या अण्णांचं मृत्युपत्र बी ह्यानंच केल्यालं. त्यात बी ह्योच धोंडीराम हाय का?"

मुस्तकीमनं मान खाली घातली.

झालं. बजरंग उठला तो चपला न घालताच. त्याच्यामागं आणखी एक उठला, मग दोघं भाऊ, जे वडील गेल्यापासून एकमेकांशी बोलत नव्हते, ते एकाच मोटरसायकलवर बसून गेले. भावकी केसरबाईच्या घरासाठी जमली होती, ती आपापल्या ट्रंका उघडायला पांगली. धर्मराज शेवटी उठले. बघू पुढच्या बैठकीत, म्हणाले, पण चालता चालता त्यांनी मुस्तकीमला हळूच विचारलं, की उद्या सकाळी दुकान किती वाजता उघडतोस.

ओसरीवर दोघंच उरले. विजयसिंह आत जाऊन मोठं कुलूप शोधत होता, त्याचा आवाज येत होता.

"हो म्हनायला काय लागत हुतं रे तुला?" केसरबाई म्हणाली.

"शपथ हुती, मावशी. खोटं कसं सांगू?"

"खोटं कुटं हुतं?"

परतीच्या जीपमध्ये बसून मुस्तकीमनं याचं उत्तर पुष्कळ शोधलं, आणि ते त्याला अजूनही सापडलेलं नाही.

सोमवारी शेडसमोर रांग लागली. इतकी गर्दी न्यू मुस्तकीमनं कधी पाहिली नव्हती, आणि इतक्या शिव्याही खाल्ल्या नव्हत्या. सगळ्यांनी मिळून पहिलं काम हे करायला लावलं, की आमच्या डोळ्यांदेखत ते नाव काढ. त्यानं काढलं. जे हयात होते त्यांनी नवे कागद करून घेतले. ज्यांचे वडील गेले होते ते वकिलांकडे गेले. पुढची बैठक काही बसली नाही. ती घ्यायला कुणाला सवडच नव्हती.

अशा गर्दीत एक दिवस केसरबाई आली. रांग मोडून सरळ बाकावर बसली. लोकांनी जागा करून दिली. ती कोण हे आता सगळ्यांना माहीत होतं. निराधाराच्या पगाराचा अर्ज करायचा, म्हणाली. मुस्तकीमनं नवी, कोरी फाईल घेतली. मान वर करून तिचं नाव विचारलं, वय विचारलं. मग 'मुक्काम पोस्ट' टाईप केलं आणि थांबला.

केसरबाई सध्या तलवाड्याला भाच्याकडे होती. भाच्याच्या बायकोनं आखाडापतुर राहा म्हणून सांगितलं होतं.

"तेवढं कोरं ठेव," ती म्हणाली.

"कोरं ठेवलं तर अर्ज घेत न्हाईत, मावशी."

"मंग तूच सांग, काय लिवायचं ते."