दहावा डोस: जहाजात बसण्याआधी भामरागडला

जहाज मुंबईहून सुटणार होतं आणि मी भद्रावतीहून निघाले ती नेमकी उलट्या दिशेला, भामरागडला. कारण सांगते. कुणाला क्रूझला जायचं असेल तर त्यांची धावपळ वाचेल.

बुकिंग आमच्या यांनी लॉकडाऊनच्या आधी केलं होतं. फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर मुंबई-गोवा-मुंबई, दोन रात्री. खोली आतली, बिनखिडकीची. "समुद्र वर जाऊन फुकट दिसतो, खिडकीचे पैसे कशाला?" असं त्यांचं म्हणणं. ती फेरी रद्द झाली. कंपनीने पैसे परत दिले नाहीत, पण मार्चअखेरपर्यंत केव्हाही या, असं पत्र पाठवलं. मागच्या मे महिन्यात हे गेले. ताप आला तेव्हा त्यांची लस घ्यायची राहिलेलीच होती.

फेब्रुवारीत कंपनीचं आठवणपत्र आलं. दुसऱ्या प्रवाशाचं नाव बदलता येत होतं. मी नणंदेचं नाव दिलं. आमच्याकडे नणंदेला बाई म्हणतात, वयाने लहान असली तरी. बाईंनी भामरागड तालुक्यात तीस वर्षं नर्सची नोकरी केली, जानेवारीत निवृत्त झाल्या आणि तिथेच राहिल्या. "बाईने समुद्र पाहिला नाही" हे यांना नेहमी लागायचं. म्हणून नाव दिलं. नाहीतर खरं सांगायचं तर माझ्या मनात अढी होती. यांच्या तेरवीला बाई आल्या नव्हत्या. घरात त्यावर खूप बोलणं झालं. मी बोलले नाही, पण विसरलेही नव्हते.

आता नियम. आम्ही गेलो तेव्हा कंपनीला तीन गोष्टी लागत होत्या: दोन्ही डोस झाल्याचं प्रमाणपत्र, दुसरा डोस होऊन चौदा दिवस उलटलेले, आणि जहाजात चढण्याआधी अठ्ठेचाळीस तासांच्या आतला आरटीपीसीआर निगेटिव्ह. हे अठ्ठेचाळीस तास नमुना दिल्यापासून मोजतात, रिपोर्ट आल्यापासून नाही. मी फोन करून दोनदा विचारलं. नियम सारखे बदलतात, तुम्हीही विचारा.

बाईंना फोन करून प्रमाणपत्र मागितलं.

"एकच डोस दिसून राह्यला त्यात," बाई म्हणाल्या.

"दुसरा घेतला नाही का?"

"घेतला ना वो वहिनी! हजारो लोकाईले टोचलं मी, आन् मीच नाई घेणार?"

पहिला डोस तालुक्याला झाला होता. दुसऱ्याच्या वेळी बाईंना मलेरिया झाला, म्हणून पुढे एका गावच्या शिबिरात घेतला. तिथे नेटवर्क नाही. कागदावर नोंद, नंतर संगणकावर. बाईंची नोंद पोर्टलपर्यंत पोचलीच नव्हती. जहाजाला दहा दिवस उरले होते. आता नव्याने डोस घेतला तरी चौदा दिवस भरत नव्हते. एकच रस्ता होता: मूळ नोंद शोधायची.

एसटीचा संप सुरू होता. भद्रावती ते चंद्रपूर काळीपिवळी जीपने, मांडीवर दुसऱ्याची पिशवी घेऊन. चंद्रपूरहून आलापल्लीला खासगी गाडी मिळते, पण ती भरेपर्यंत हलत नाही. सकाळी लवकर जा, पुढची जागा पकडा. आष्टीच्या पुलावर वैनगंगा लागली, उन्हाळ्याआधीच अंग चोरून बसलेली. आलापल्लीत तर्री-पोहा खाल्ला. तर्री इतकी तिखट की शेजारचा माणूस माझ्याकडे बघून हसला. "ताई, हे तर लहान पोराईची आहे," म्हणाला. पुढे जीप. रस्ता एकसारखा नाही, कमरेची काळजी घ्या. पण मार्चातलं ते जंगल! पळस फुललेला, मोहाखालची जमीन झाडून ठेवलेली, आणि बायका टोपल्या घेऊन फुलं वेचताना. हेमलकसा मागे टाकून भामरागडला पोचले तेव्हा केसांचा रंग रस्त्याचा झाला होता.

बाई जीपपाशीच उभ्या होत्या. वर्षभराने भेटत होतो. दोघींनी एकमेकींच्या मास्ककडे पाहिलं.

"वाळली तू," बाई म्हणाल्या.

"तुम्हीही."

रात्री नदीची मासळी आणि भात. यांच्याबद्दल दोघीही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी ते गाव. अर्धा रस्ता मोटारसायकलींवर, मग नदी. पलीकडे जायला डोंगा होता, म्हणजे एका खोडातून कोरलेली होडी. मी काठावर थबकले.

"बस वहिनी, आपलं पहिलं जहाज हेच," बाई म्हणाल्या. "इथी आरटीपीसीआर लागत नाई. फक्त हलू नको."

डोंगा चालवणाऱ्याला मराठी कळत होतं. तो इतका हसला की डोंगाच हलला.

गावात बाईंना पाहून लोक जोहार म्हणत जमले. उपकेंद्रात आशाताईंनी रजिस्टर काढलं. बाईंनी पान उलटलं, बोट फिरवलं, परत फिरवलं. त्या दिवशी लसीची जी पहिली कुपी फोडली, तिच्यापुढे नऊ नावं. बाईंचं नाव नाही.

"मीच लिवलं हे," बाई खाली बसत म्हणाल्या. "सगळ्याईचं लिवलं. आपलंच नाई लिवलं."

मला राग आला नाही, हसूच आलं. तीस वर्षं दुसऱ्यांची नावं लिहिणाऱ्या बाईकडूनच अशी चूक व्हायची. पण जहाज गेलं, हे दिसत होतं. मी म्हटलं, चला.

आशाताई मात्र पान सोडेनात. "बाई, एका कुपीत डोस किती?"

"दहा."

"नावं नऊ. आन् वाया गेले, त्या रकान्यात तुम्ही शून्य लिवलं. मग दहावा डोस गेला कुठी?"

बाईंनी बोट टेकवून नावं पुन्हा मोजली. नऊच.

तेवढ्यात गावपाटील आत आले. थकलेले, काठी टेकत. त्यांची मराठी तुटक, मधलं आशाताईंनी सांगितलं. त्या दिवशी सुई घ्यायला कुणीच तयार नव्हतं. बायका पोरांना घेऊन जंगलात निघून गेल्या. बाई चिंचेखाली दुपारपर्यंत बसून राहिल्या. शेवटी पाटील म्हणाले, आधी तू घे, आम्ही बघतो. बाईंनी सोबतच्या नवीन सिस्टरकडून सगळ्यांसमोर टोचून घेतलं.

"मग बाईनं सांगितलं," पाटील माझ्याकडे वळून म्हणाले, "माझा भाऊ गेला. सुई नव्हती घेतली. आज त्याचा तेरावा. तुम्ही घ्या."

मी रजिस्टरच्या पानावरची तारीख पाहिली. तोवर मी फक्त नावं शोधत होते. तीच तारीख होती.

पाटलांनी बाही वर करून दंड दाखवला, जणू खूण अजून असेल. पानावरचं पहिलं नाव त्यांचं होतं.

परतताना डोंग्यात मी विचारलं, "बाई, घरी सांगितलं का नाही?"

बाई पाण्याकडे पाहत होत्या. "काय सांगू? शिबिराची तारीख आधीच ठरली होती. आली असती तर रडली असती तुह्याजवळ. इथी निदान काम होतं."

मी बाईंची पिशवी माझ्याकडे घेतली.

तालुक्याच्या डॉक्टरांनी माझ्या फोनमधला रजिस्टरच्या पानाचा फोटो नीट पाहिला. त्या नवीन सिस्टरची आता दुसरीकडे बदली झाली होती, तिला फोन लावून विचारलं, गावातून लिहून आणलेला, पाटलांचा अंगठा आणि आशाताईंची सही असलेला कागद वाचला. मग बाईंना म्हणाले, "सिस्टर, तुम्ही आम्हाला रजिस्टर कसं भरायचं ते शिकवायच्या ना?" बाई लाजल्या. डॉक्टरांनी जिल्ह्याला पत्र पाठवलं. नोंद होईल, पण कधी ते सांगता येणार नाही, म्हणाले.

बाईंना घेऊन भद्रावतीला आले. रोज फोन बघायचा. जहाज सोमवारी दुपारी होतं. शनिवारी संध्याकाळी चंद्रपूरच्या लॅबमध्ये नमुना दिला. ही वेळ नीट मोजा: लवकर दिला तर मुदत संपते, उशिरा दिला तर रिपोर्ट यायच्या आत गाडीत बसावं लागतं. बाईंच्या नाकात काडी असतानाच त्यांचा फोन माझ्या हातात वाजला. दोन्ही डोस पूर्ण, असा मेसेज. मी ओरडून सांगितलं. बाईंना बोलता येईना, नुसते हात हलवले. लॅबवाला घाबरला. "मावशी, दुखलं का?"

रविवारी दोघींचे रिपोर्ट निगेटिव्ह आले आणि आम्ही मुंबईची गाडी पकडली. प्रमाणपत्राच्या छापील प्रती ठेवा. गोदीवर माझ्या फोनची बॅटरी संपली होती, कागदांनीच वाचवलं. दारावरची मुलगी ताप मोजायचं यंत्र मनगटावर धरत होती.

"कपाळावर धर बेटा," बाई म्हणाल्या.

"आंटी, तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाई वो, पॅसेंजर."

जहाजाबद्दल थोडक्यात: जेवण भरपूर, गाणी जरा जास्तच मोठ्याने, बिनखिडकीच्या खोलीत झोप छान लागते. वरच्या डेकवर समुद्र खरंच फुकट दिसतो. बाई पहिल्या संध्याकाळी कठड्याला धरून खूप वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "दादा म्हणे तेवढा मोठा आहे." आम्ही दोघी तिथे यांच्याबद्दल बोललो. यांच्या घोरण्याबद्दल, भाजीवालीशी दोन रुपयांसाठी भांडण्याबद्दल. हसून हसून बाईंना ठसका लागला. कोविडचे दिवस, आजूबाजूचे चार लोक लांब सरकले.

घरी येऊन आठवडा झाला. काल मोठ्या जाऊबाईंचा फोन आला. जहाज कसं होतं हे विचारून झाल्यावर म्हणाल्या, "मे महिन्यात वर्षश्राद्ध येतं. निदान या वेळी तरी बाई येणार ना?"

मी त्यांना रजिस्टरचं पान सांगितलं. तारीखही सांगितली.

मग मी म्हटलं, "बाई येणार नाहीत. मी जाणार आहे. यांच्या नावाने त्या गावातच भात शिजवायचा ठरवलाय, पाटलांना निरोप गेलाय. तुम्ही येणार असाल तर सांगा. पावसाच्या आधीच जायला हवं, नंतर नदी उतरू देत नाही."

जाऊबाईंनी विचारलं, "डोंग्यात भीती वाटते का गं?"