पाठीमागच्या चुण्या

कर्जतहून कळंबला जाणाऱ्या रस्त्यालगत माझा शिवणकामाचा गाळा आहे. ब्लाउज, पिको-फॉल, शाळेचे गणवेश अशी कामं असतात. पण गाळा खऱ्या अर्थाने चालतो तो जवळच्या रिसॉर्टच्या पडद्यांवर आणि वेटरच्या कपड्यांवर. म्हणून तिथून आलेलं काम मी कधी उद्यावर टाकत नाही. त्या शुक्रवारीही टाकलं नाही, आणि तिथेच फसले.

दुपारी रिसॉर्टच्या खोल्यांची व्यवस्था बघणारा गृहस्थ एक जड पिशवी घेऊन आला. आत लोकरीचा, हिरव्या-निळ्या चौकड्यांचा घागरा होता. कमरेला चामडी पट्टे आणि बकलं, मागे घट्ट चुण्या, पुढे नुसते दोन पदर एकावर एक.

"ताई, पाव्हन्यांचा हाय. उद्या सांजच्याला लगीन. कंबर सैल करायची."

"तसं म्हणाले का ते?"

"म्हनायचं काय? भाषा कळतीय का आपल्याला! कंबरेत दोन्ही अंगठे घालून असं पुढं ओढून दाखवलं. घट्ट होतोय, दुसरं काय!"

मी संध्याकाळपर्यंत बसून काम उरकलं. कंबर वाढवायची तर कापड चुण्यांमधूनच मिळणार, म्हणून मागच्या चुण्यांपैकी मधल्या नऊ उसवून थोड्या मोकळ्या केल्या आणि मशीनवर पुन्हा शिवल्या. पुढचा पदर उघडा राहत होता. बाईमाणसाला असं उघडं कसं चालेल, या विचाराने तो खालपर्यंत शिवून टाकला. त्याच्या कडेचे धागे सुटलेले होते, तेही आत दुमडले. इस्त्री करून हँगरला लावला तेव्हा मला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं.

शनिवारी सकाळी तोच गृहस्थ धापा टाकत आला. त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. फोटोत एक उंच म्हातारा गोरा माणूस गुडघ्यापर्यंत मोजे चढवून उभा होता, आणि कमरेला हाच कपडा.

"ताई, बाईचा नाय तो! नवरदेवाच्या बापाचा हाय. किल्ट म्हनतात त्याला, त्यांच्याकडं पुरुष घालत्यात. त्यांच्या वडलांच्या वेळचा हाय म्हनं."

फोटोत पदर उघडाच होता. कडेचे धागे फाटलेले नव्हते, मुद्दाम सोडलेली झालर होती ती. दुसरा फोटो पाठीमागून काढलेला होता. त्यात प्रत्येक चुणी अशी घातली होती, की मिटल्यावरही चौकडी सलग दिसावी. मी हँगरवरचा किल्ट फिरवला. मधल्या नऊ चुण्यांत सगळ्या रेघा एकमेकींना चुकल्या होत्या.

पदराची शिवण उसवता आली, झालर मोकळी झाली. पण चुण्या काही केल्या जुळेनात. एक जुळवली की शेजारची बिघडे. लोकर ओढली जाऊन फाटेल या धास्तीने मी हात काढून घेतला.

तो गृहस्थ हळूच म्हणाला, "सांगू या ना, आदीपासनंच उसवलेला व्हता म्हनून. कोन बघाय आलंय?"

खोटं सांगितलं नसतं असं मी म्हणणार नाही. माझं काम जाईल, याचीही नोकरी जाईल, लग्नघरात तमाशा होईल, सगळं डोळ्यांपुढे येत होतं. पण रेघा मोडल्या होत्या त्या माझ्या नव्या दोऱ्याने, आणि तो तर स्पष्ट दिसत होता. किल्टबरोबर सुया, दोरे, कात्री पिशवीत टाकली आणि म्हटलं, "चला. मीच सांगते."

त्याच्या स्कूटरवर मागे बसले तेव्हा त्याच्या खांद्याला इतकं घट्ट धरलं होतं, की त्याने दोनदा विचारलं, "ताई, बऱ्या हाय ना?"

खोलीत तो म्हातारा खुर्चीत बसला होता. फोटोतल्यापेक्षा निम्मा झालेला, गालफडं आत गेलेली. शेजारी त्यांची होणारी सून उभी होती, ती पुण्याची. हातावर मेंदी, केसांना पिना. मी तिला सगळं सांगितलं. ती त्यांच्या भाषेत सांगत गेली तसा त्यांचा चेहरा लाल होत गेला. त्यांनी किल्ट मांडीवर घेतला, उलटा केला आणि त्या नऊ चुण्यांवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता ओरडतील.

ते काहीतरी पुटपुटले. सून म्हणाली, "काकू, त्यांना सैल नको होता. कमी करून हवा होता. गेल्या वर्षी फार आजारी होते, तेव्हापासून तो कमरेवरून घसरतो. नुसती बकलं सरकवली असती तरी चाललं असतं."

मी खाली बसले.

मग तेच उठले. किल्ट पलंगावर पसरला, एक हिरवी जाड रेघ बोटाने दाखवली, पुढच्या चुणीत तीच रेघ दाखवली, आणि मला खूण केली: हिला हिच्यावर आण. त्यांनी चुणी धरायची, मी कच्चा टाका घालायचा. दोनदा सुई त्यांच्या बोटात गेली. मी दचकून हात जोडले, ते मान हलवून पुन्हा चुणी धरत. जेवणवेळ होऊन गेली तरी आम्ही दोघं उठलो नाही. शेवटी मी सगळ्यावर हाताने पक्के टाके घातले आणि बकलं दोन बोटं आत घेतली. आठवी चुणी मात्र दोन धागे सरकलेलीच राहिली. ती त्यांना दिसली. त्यांनी खिडकीतून खाली माणसं जमू लागलेल्या मांडवाकडे पाहिलं आणि असू दे अशी खूण केली.

सूनबाईने मला लग्नाला थांबवून घेतलं. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिले. नवरदेवाच्या मिरवणुकीत ते नाचू लागले तेव्हा मी दोन पावलं पुढे सरकले. इतक्या लोकांत एक जरी टाका सुटला असता तर मी तोंड कुठे लपवलं असतं? ते गोल फिरत, चुण्या उघडत आणि मिटत, आणि मी फक्त त्या आठव्या चुणीकडे बघत होते. अक्षता पडल्या, सगळे पंगतीकडे वळले, टाके टिकले होते.

लोक जेवा म्हणाले, पण ती आठवी चुणी डोळ्यांपुढे असताना पंगतीत बसवेना. मी मागच्या फाटकातून निघाले आणि नाक्यापर्यंत चालत आले, तेव्हा कुठे रिक्षा मिळाली.