ढालीच्या माथ्यावरची आग

प्रकाशदादांचा फोन आला तेव्हा मी इथे आखातात, मनामाच्या बँकेत काउंटरवर होते. दादा मीना सलमान बंदरात जहाजदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये आहेत. भोवती सतत यंत्रांचा घरघराट, त्यामुळे फोनवरही ते ओरडूनच बोलतात. त्या दुपारी मात्र ते दवाखान्यातून बोलत होते, आणि आवाज अगदी खाली गेला होता. "शुभा... खलास." हा शब्द इथे आम्ही ऊठसूट वापरतो. भाजी संपली, खलास. शिफ्ट संपली, खलास. वंदनाताईसाठी तो कधी ऐकावा लागेल असं मनातही आलं नव्हतं.

मनामाच्या गुदैबिया भागात आमची दारं समोरासमोर. मी पुण्याहून लग्न होऊन आलेली, कुणाची ओळख नाही. आणि ती प्रकाशदादांची बायको, अकोल्याची, इथल्या भारतीय शाळेत भूगोल शिकवणारी वंदना मेश्राम. पहिल्यांदा चहाला आली आणि ओट्यावरच्या माझ्या काळ्या खलबत्त्यावर हात फिरवत राहिली. "हा कशाचा आहे, माहीत आहे का?" मी म्हटलं, "दगडाचा." ती खळखळून हसली. "लाव्हा आहे व बाई हा! आपला अख्खा दख्खन याचाच. तू रोज थंड झालेल्या आगीत मिरे कुटतेस." वर्गात शुद्ध बोलणारी ताई आनंद झाला की वऱ्हाडीवर यायची, आणि ज्वालामुखीचा विषय निघाला की तिला आनंद व्हायचाच. मुलं ज्वालामुखी म्हणून टोकदार डोंगर काढायची, तर ती त्यांना ते खोडायला लावायची. म्हणायची, ढाल जमिनीवर पालथी ठेवा, तसा काढा. पातळ लाव्हा दूरवर पसरतो, थरावर थर चढत जातात, समुद्राच्या तळापासून वर येतात. इतका अजस्र पर्वत, पण चालणाऱ्याला चढसुद्धा कळत नाही. आणि अगदी माथ्यावर, परातीसारख्या पसरट विवरात, पेटतो तो. "मले ते एकदा पाहाचं आहे," असं ती म्हणायची. आम्ही "हो, हो" म्हणायचो. माणसं असं बरंच काही म्हणतात...

निवृत्तीच्या सुमारास तिचं हृदय दुबळं झाल्याचं निघालं. मग ती नुसती म्हणेना, तयारीला लागली. मुलगी मित्रा अमेरिकेत नोकरी करते. तिच्याकडे जायचं आणि तिथून हवाईला. डॉक्टर म्हणाले, तिथला गंधकाचा वायू तुम्हाला सोसणार नाही. दादा म्हणाले, मुळीच नाही. मित्रा फोनवर चिडली. "आई, इट्स ऑन द लाइव्ह कॅम! घरी बसून बघ ना." इथे वाढलेली ही मुलगी; मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत. ताई जेवणाच्या टेबलाशी बसून सगळ्यांचं ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "भीती मलेही वाटते. पण पोरांना इतकी वर्षं जे सांगितलं, ते खरं आहे का, हे न पाहताच जाऊ का?" दादांनी समोरचं ताट बाजूला सारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गोदीत जहाज लागलंय, मला लीव्ह नाही मिळणार. तू जाशील तिच्यासोबत?"

मी गेले. मित्रा तिथे येऊन मिळाली. किलाउएआच्या माथ्याजवळच एक लाकडी घर घेतलं होतं. मला वाटलेलं, ज्वालामुखी म्हणजे रखरखाट असेल. तिथे गारठा होता, पाऊस होता, माणसापेक्षा उंच नेचे होते. आणि विवर थंड. अवाढव्य, काळंकुट्ट, सपाट. मधूनच कुठेतरी वाफेची रेघ. आग अधूनमधून उसळते आणि मग आठवडे आठवडे गप्प होते, असं तिथल्या माणसांनी सांगितलं. आम्ही रोज विवराच्या कठड्याशी जाऊन परत यायचो. मित्राची सुट्टी संपत आली तशी ती घुश्शात. मीही मनातून हताश. ताई मात्र त्या काळ्या पसाऱ्याकडे टक लावून बसलेली असायची. "गप्प आहे म्हणून झोपला नाही तो," ती मला म्हणाली, "खालून भरतो आहे. जमीन फुगते आहे आपल्या पायाखाली... आणि आपल्याला पत्ता नाही."

निघायच्या दिवशी सकाळी बॅगा गाडीत ठेवत होतो आणि शेजारच्या घरातली बाई धावत आली, "चालू झालं!"

आम्ही कठड्याशी पोहोचलो. विवराच्या कडेतून आगीचा खांब सरळ आभाळात चढत होता. मनामातले उंचातले उंच टॉवर त्याच्यापुढे ठेंगणे ठरले असते. केशरी म्हणावा तर केशरी नाही. डोळ्यांना तो रंग पेलवत नव्हता. वर जाऊन तो फुटायचा, सावकाश खाली यायचा आणि खाली नदी होऊन वाहायचा. एवढ्या लांबून चेहऱ्याला धग लागत होती. आवाज समुद्रासारखा, पण लाट परततच नव्हती. वाऱ्याने वायू पलीकडे नेला, हे आमचं नशीब. मी ताईला घडीच्या खुर्चीत बसवलं, ती उठली. तोंडावर मास्क, डोळ्यांतून पाणी. जन्मभर समजावून सांगणारी बाई एक अक्षर बोलेना. तिचे हात छातीशी जोडलेले दिसले आणि मला नवल वाटलं. तिथली माणसं या आगीला देवी मानतात, पण ताई कधी कुठल्या देवीपुढे वाकली नव्हती. मी हळूच विचारलं, "नमस्कार केलास?"

"नाही व," ती पुटपुटली, "हात कुठं ठेवू, समजून नाही राहिलं."

मी घड्याळ पाहिलं. विमान गाठायचं तर तेव्हाच निघायला हवं होतं. मित्राकडे बघून खूण केली. तिने आईच्या खांद्यांभोवती शाल घट्ट ओढली आणि म्हणाली, "जाऊ दे विमान, मावशी. आईला बघू दे." कितीतरी वर्षांनी मी त्या मुलीच्या तोंडून आख्खं मराठी वाक्य ऐकत होते. ताईने वळून तिच्याकडे पाहिलं, तिला जवळ ओढलं, आणि दोघी पुन्हा समोर बघू लागल्या. दुपारी तो खांब एकदोनदा लडखडला आणि कुणी तोटी बंद करावी तसा थांबला. मागे उरलेली शांतता त्या आवाजाहून मोठी होती. कठड्याशी उभी असलेली अनोळखी माणसं एकमेकांचे हात धरून उभी होती.

त्यानंतर ताई वर्षभरही राहिली नाही. जाताना तिला त्रास झाला नाही, असं दादा म्हणतात. मित्रा आली, बुद्धवंदना आणि सूत्रपठण झालं, घर माणसांनी भरलं आणि रिकामं झालं. पुढच्या शुक्रवारी दादांनी गाडी काढली. रिफा गाव मागे टाकून आम्ही तिघं दक्षिणेला जबल दुखानच्या पायथ्याशी गेलो. नावाचा अर्थ धुराचा डोंगर, पण आहे साधी चुनखडीची टेकडी. ताई दरवर्षी आपला वर्ग इथे आणायची आणि नावावरून ज्वालामुखी ओळखू नका, असं बजावायची. बऱ्याच मुलांना ती अशी उन्हात, डोक्यावर ओढणी घेऊन उभी असलेलीच आठवते.

दादा एका दगडावर बसले. थोड्या वेळाने मित्राला म्हणाले, "तिला मी खूपदा विचारलं. ती नुसती हसायची. तू सांग बरं, कसं होतं ते?"

मित्रा इंग्रजीत सुरू झाली आणि थांबली. मग मराठीत, एकेक शब्द शोधत सांगू लागली. आधी सगळं काळं होतं बाबा... मग जमीन उघडली... आणि आई... पुढचा शब्द तिला सापडेना. तिने दोन्ही हात जमिनीलगत आणले आणि हळूहळू वर, आणखी वर, टाचा उंचावून जितके जातील तितके वर नेले. दादा तिच्या बोटांच्या टोकांकडे मान वर करून बघत राहिले.