विमानातला शेवटचा घड

निघालेल्या पाहुण्याच्या हातात केळीचा घड द्यायचा, ही आमच्या वसईच्या वाड्यांची रीत. पाहुणा सायकलवरून आलाय की विमानातून, हे कोणी बघत नाही. त्याने नको म्हटलं, तर घराचा अपमान.

ऐंशीच्या आसपास केळीवर करपा पडला, तेव्हा बाबांनी खटपट करून औषध फवारणारं एक छोटं विमान आणवलं. खाडीकडच्या सुक्या माळावरून ते उडायचं. त्याच्या घरघरीने आमच्या कोंबड्यांनी अंडी देणं बंद केलं, पण वाड्या वाचल्या. मग निरोपाच्या सकाळी घराघरांतून घड निघाले. औषधाच्या टाकीत विष होतं, म्हणून सगळे पायलटच्या पाठीमागच्या पोकळीत कोंबले. पायलट भिडस्त, बिचारा हसत हसत घेत राहिला.

बाबांचं लक्ष मात्र वाटेकडे होतं. त्यांची थोरली बहीण, माझी आत्या, अजून आली नव्हती. माझ्या बारशाचं आवतण बाबांनी स्वतः न जाता शेजाऱ्याकरवी धाडलं, म्हणून ती रुसली होती. मी मॅट्रिकला पोचले तरी तिचा रुसवा काही गेला नव्हता. बाबा तिच्या कुंपणापाशी जाऊन उगाच खोकायचे. ती उठून आत जायची. मला बाबांची फार कीव यायची.

पंखा फिरायला लागला आणि आत्या आली. डोक्यावर हा एवढा घड.

"अब नहीं चाचा, जगह नहीं है," पायलट ओरडला.

बाबांनी हात जोडले. "साब, ये हमारा बहन है. इसका घड लेना मंगताच!"

पायलटने तो मांडीवर घेतला.

विमान धावलं. धावतच राहिलं. शेपूट काही उचलेना. माळ संपला, बांध आला, आणि विमान मिठागराच्या चिखलात नाक खुपसून थांबलं. पायलट गुडघाभर चिखलातून धडधाकट बाहेर आला तेव्हा कुठे आमच्या जिवात जीव आला.

लगेच कुजबुज सुरू झाली, शेवटच्या घडानेच घात केला. आत्याचं तोंड एवढंसं झालं.

बाबा पुढे झाले. "तिला कोनी बोलायचं नाय! इमान माज्या घडाने पडलं. सगल्यांत जड माजाच व्हता."

आत्या गर्रकन वळली. "तुजा? तुज्या वाडीत कदी आसा घड पिकलाय काय? माज्याच घडाने पाडलंय इमान!"

इतक्या वर्षांत ती बाबांशी बोललेली ही पहिली वाक्यं. बाबांचे डोळे भरून आले, तरी ते हट्टाने भांडतच राहिले. पायलटला जेवू घालेपर्यंत दोघांचं भांडण चालू होतं.

संध्याकाळी पायलट एसटीने निघाला. त्याला द्यायला आणखी एक घड होताच. एका बाजूने तो आत्याने धरला होता, दुसऱ्या बाजूने बाबांनी.