बाबांच्या मापाची खुर्ची

हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात आम्ही ऑफिसच्या खुर्च्या बनवतो. डिझाइनचं काम माझ्याकडे. खुर्ची सरासरी माणूस धरून बनवायची असते आणि सरासरी माणूस कधी गिऱ्हाईक म्हणून येत नाही, ही आमच्या धंद्यातली कायमची अडचण. त्यामुळे बाबा सोफ्यातून उठताना कण्हायला लागले, तेव्हा मी ठरवलं की एक तरी खुर्ची एकाच माणसाच्या मापाची करायची.

जेसल पार्कच्या घरात आम्ही दोघंच. आई गेल्यापासून बाबांना घरातल्या कुठल्याही बदलाचा संशय यायचा. मी टेप काढली तेव्हा म्हणाले, "सोफा विकायचाय ना तुला? सरळ सांग."

"सोफा राहील. तुम्ही फक्त ताठ बसा."

स्टुलावर भिंतीला टेकवून त्यांना बसवलं. टाचेपासून गुडघ्याच्या मागच्या भागापर्यंत मोजलं, कोपर सीटपासून किती वर येतं ते पाहिलं. डोक्यावर पुठ्ठा आडवा धरून भिंतीवर पेन्सिलीची खूण केली. गाळ्यात त्या मापांवर खुर्ची झाली. पाय जमिनीवर पूर्ण टेकत होते, कमरेच्या पोकळीत फोमचा उंचवटा बरोबर बसत होता, मानेची उशी मानेलाच लागत होती. बाबा "बरी आहे" म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं.

गणपती होऊन गेले आणि एका संध्याकाळी मी घरी आल्या आल्या ते म्हणाले, "खुर्ची बदललीस तू."

"कोण बदलेल, बाबा?"

"कमरेचा उंचवटा वर सरकलाय. पाठीत टोचतो. उशी डोक्याला ढकलते."

मला वाटलं, सीटचा फोम बसला. सीट खाली गेली की माणूस खाली जातो आणि पाठीचे सगळे आधार त्याला वर वाटतात. फोम कापणाऱ्या कारागिराला विचारलं, माल बदललास का. तो दुखावला. "मॅडम, बाकी किसी चेअर की कंप्लेंट आयी क्या?" तरी मी घरी येऊन सीट उघडली. फोम जसा बसवला होता तसाच होता.

मग मला बाबांचाच संशय यायला लागला. त्यांना सोफ्यावर परत जायचंय आणि म्हणून ही कुरकुर, असं वाटलं. मी त्यांच्याकडे लक्ष ठेवू लागले. दारातला पेपर मी उचलेपर्यंत तिथेच पडून राहायचा. खाडीकडे फिरायला जाणं त्यांनी बंद केलं होतं. विचारलं तर म्हणाले, "तिथे वास येतो हल्ली." खाडीला वास काय आजचा आहे?

रविवारी मी स्टूल पुन्हा त्याच भिंतीशी ठेवलं.

"एकदा मोजलंयस ना?"

"बसा तर खरं."

बसले, पण कुरकुरत. पुठ्ठा डोक्यावर टेकवला तर तो खुणेच्या बराच खाली राहिला. मी ताठ बसायला सांगितलं. ते म्हणाले, ताठच आहे. मी खुणेकडे बघतेय हे त्यांनी पाहिलं.

"स्टूल झिजलं असेल," ते म्हणाले.

मी स्टूल उलटं करून पाहिलं नाही. शेजारच्या गुजराती मावशींचं दार वाजवलं. दिवसा त्या घरीच असतात आणि आमच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे असते. मी नुसतं म्हटलं, "आंटी, बाबा के बारे में पूछना था."

त्यांचा चेहरा उतरला. "अंकलने बता दिया क्या?"

सगळं तिथेच कळलं. बाबा बाथरूममध्ये घसरून पाठीवर पडले होते. उठता येईना म्हणून त्यांनी बादलीच्या तांब्याने भिंत ठोकली. मावशींनी येऊन त्यांना उठवलं, पाठीला मलम दिलं. "मेरे को कसम दी थी, बेटा. मैं क्या करती?"

घरी आले तर बाबा सोफ्यावर बसले होते.

"सांगितलं का नाहीत?"

"दुसऱ्या दिवसापासून घरात बाई ठेवली असतीस."

"ठेवलीच असती."

"मग?" ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. मला राग आला होता, पण त्यांची पाठ किती वाकलीय हे त्या क्षणी पहिल्यांदा नीट दिसलं.

एक्स-रेमध्ये पाठीचा एक मणका चेपलेला दिसला. या वयात हाडं ठिसूळ होतात, उंची कमी होते ती अशीच, डॉक्टर म्हणाले. पट्टा दिला, हाडांची औषधं दिली. मी खुर्चीची पाठ गाळ्यात नेऊन कमरेचा उंचवटा आणि उशी, दोन्ही खाली घेतलं. बाबा बसले, सरकून बसले, आणि टोचत नाही म्हणाले. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला, त्याला मात्र ते हात लावायला तयार नव्हते. हल्ली लावतात.

आता दिवसा एक बाई येते. ती सगळी खबर मला देते असा बाबांना संशय आहे आणि तो खरा आहे. पण ती सगळीच खबर देत नाही, असा मला आहे. परवा तिच्या बोलण्यात आलं की काका खाडीपर्यंत जाऊन आले. बाबा म्हणाले, गेटपर्यंतच. दोघंही माझ्याकडे न बघता बोलत होते.