दिलीप हरायचा तेव्हा

दिलीप गेल्याचा फोन मला निपाणीला आला, तो शैलाचाच. "आक्का, हे गेले," एवढंच ती म्हणाली. सकाळी उद्यमबागेतल्या त्याच्या वर्कशॉपमध्ये खुर्चीत बसल्या बसल्या छातीत कळ आली आणि सगळं संपलं. मी फोन हातात धरून पलंगाच्या कडेला बसले… आणि रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं ते हे, की ही बातमी मला सांगायचा हक्कही तिचाच. लहानपणापासून त्याला ओळखणारी मी, पण त्याच्या मरणाचा निरोप देणारी ती. आता काही आठवडे उलटून गेलेत, तरी तो पहिला विचार मला विसरता येत नाही.

दिलीप आणि मी टिळकवाडीत एकमेकांना लागून असलेल्या घरांत वाढलो. आम्ही कॉलेजात असताना आखातात नोकरीला असलेल्या त्याच्या मामानं एक कॉम्प्युटर आणून दिला. आजच्या मुलांना तो कॉम्प्युटर वाटणारही नाही. नुसता जाड कीबोर्ड, तो घरच्या टीव्हीला जोडायचा, आणि खेळ असायचे कॅसेटवर. टेपरेकॉर्डर लावला की बराच वेळ कर्कश चिरचिर चालायची, ती आम्ही श्वास रोखून ऐकायचो, कारण मध्येच बिनसलं तर पुन्हा पहिल्यापासून. मग पडद्यावर दोन तलवारबाज उभे राहायचे, एक तांबडा, एक पांढरा. कीबोर्डच्या डावीकडची बटणं माझी, उजवीकडची दिलीपची. डोक्यावर वार, कमरेवर वार, पायावर वार, आणि समोरच्याचा वार अडवायचं एक बटण. बाकीची पोरं मैदानावर क्रिकेट खेळत, आणि आम्ही दोघं त्याची आई दुपारची पडली की टीव्हीचा आवाज बंद करून एकमेकांचे मुडदे पाडत असू. तो झेपावत यायचा. मी मागे सरत सरत वाट बघायची आणि तो अगदी अंगावर आला की खालून पायावर वार करायची. "लई कावेबाज हैस गं मंगल तू," तो चिडून म्हणायचा आणि पुढच्या डावात माझं मुंडकं उडवायचा. तो मला एकही डाव फुकट देत नसे. मुलगी म्हणून नाही, शेजारीण म्हणून नाही. त्या खुर्चीत बसले की जगात माझ्या बरोबरीचं एक माणूस आहे असं मला वाटायचं, आणि तसं दुसरीकडे कुठंच वाटत नसे.

मग शैला आली. तिचे वडील लोंढ्याला रेल्वेत होते आणि कॉलेजसाठी ती आमच्या गल्लीत मावशीकडे राहायला आली होती. कॉम्प्युटर बघायला म्हणून एका दुपारी मीच तिला दिलीपकडे घेऊन गेले. ती माझ्या खुर्चीत बसली. तिला खेळ मुळीच समजला नव्हता. हाताला येतील ती बटणं ती एकदम दाबायची, तिचा तलवारबाज जागच्या जागी भिंगरीसारखा फिरायचा, आणि तरी दिलीप पडला. "नवशिक्याचं नशीब," मी म्हणाले. तो नुसता हसला. त्यानंतर ती रोज यायला लागली. मी दाराशी उभी राहून बघायची. एके दिवशी माझ्या लक्षात आलं की त्याची बोटं अडवायच्या बटणाकडे जातच नाहीत. माझा प्रत्येक वार ज्यानं चिवटपणे अडवला, तो तिच्यासमोर मान उघडी टाकून उभा राहत होता. तिला ते कळलं नव्हतं, कदाचित त्यालाही नसेल. मला मात्र त्या क्षणी सगळं कळलं, आणि ते मी कुणालाही सांगितलं नाही. मला त्याच्याशी लग्न करायचं होतं का? खरंच माहीत नाही. पण माझ्यासाठी कुणी असं हरावं, एवढं मला तेव्हा फार वाटलं होतं.

त्यांचं लग्न झालं, माझंही झालं. माझे यजमान शिक्षक, मनानं मोठे. संसारात मला काही कमी पडलं नाही. दिवाळीला माहेरी आले की दिलीपकडे फराळाला जायची, आणि तिथं पाहुण्यांसमोर शैला हमखास सांगायची, "ह्यांना मी पहिल्याच दिवशी हरवलं, विचारा की." दिलीप मान डोलवायचा. मी चिवड्यातले शेंगदाणे वेचत बसायची.

परवा तिला भेटायला गेले, तेव्हा ती मला माडीवरच्या खोलीत घेऊन गेली. जुना टीव्ही, टेपरेकॉर्डर, कीबोर्ड, सगळं त्यानं दुरुस्त करकरून चालू ठेवलं होतं. "आक्का, खेळूया?" ती म्हणाली. ती डावीकडे बसली, मी दिलीपच्या जागी. तिकडच्या वाराच्या बटणांवरची अक्षरं पार पुसून गेली होती. अडवायच्या बटणावरचं अक्षर तेवढं अजून वाचता येत होतं. मी त्याच्याकडे बघत राहिले.

"मला ठाऊक होतं," शैला हळूच म्हणाली. "लग्नानंतर लगेच कळलं की हे मुद्दाम हरतात म्हणून. एकदा म्हटलं, माझ्याशी खरं खेळा की हो. तर म्हणाले, खरं खेळायचं ते मंगलशी." ती माझ्याकडे वळली. "लई राग यायचा मला तुमचा. पाहुण्यांसमोर ते सांगायची ना, ते तुम्हाला ऐकवायला सांगायची."

टीव्हीवर दोघं तलवारबाज उभे होते.

"आज खरं खेळा आक्का," ती म्हणाली.

मी खरं खेळले. मागे सरले, तिला येऊ दिलं, आणि खालून वार केला. तिचा तलवारबाज कोसळला. शैला पडद्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज स्वच्छ होता. "असं हरायचं असतं व्हय," ती म्हणाली. "आणि एकदा खेळूया."

ऊन कलेपर्यंत आम्ही खेळलो. एकदाही मी तिला सोडलं नाही. उठताना मी कीबोर्डवर फडकं टाकायला गेले, तर तिनं ते माझ्या हातून घेतलं. "असं नव्हे," म्हणाली आणि चारी कोपरे आत दुमडून, वरून तळहात फिरवून तिनं ते नीट बसवलं. "हे रोज असंच झाकायचे."

मला हे ठाऊक नव्हतं… आमच्या वेळी दिलीप कीबोर्ड उघडाच टाकायचा.